थेंब पडतो तिथे भोक नसतं

देवरुखजवळच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग असा:

“आमचं घर जांभ्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. सासऱ्यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी ओटीच्या बाजूला पत्र्याची पन्हळ बसवून घेतली, साधारण ३० फुटांची. दोन वर्षं ती तीन ठिकाणी गळते आहे. गेल्या पावसात मी दोन गोळे मळून लावायची पुट्टी आणली आणि खालून लिंपली. महिन्याभरात तिच्या खपल्या निघाल्या. यंदा ट्यूबमधलं सिलिकॉन खालूनच लावलं, तरी थेंब चालूच. एक गळती नेमकी ओटीच्या पायरीवर आहे. मागच्या पडवीला जुनी सिमेंटची पन्हळ आहे, तीही एका सांध्यात ठिबकते. गणपती महिन्यावर आले, मुंबईची सगळी मंडळी येतील. पत्र्याचं काम करणारे म्हणतात, हे सगळं काढा आणि पीव्हीसी बसवा. ह्यांचं म्हणणं, मी आलो की बघू. मला हे स्वतःला करता येईल का, की मी उगाच पैसे घालवते आहे?”

ताई, करता येईल. तीन गळत्यांसाठी ३० फूट पन्हळ उतरवायची गरज मला तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही. पण आता आणखी एक ट्यूब आणण्याआधी थांबा. तुमची पुट्टी निघाली आणि सिलिकॉन फुकट गेलं, यात तुमच्या हाताचा दोष नाही. दोन्ही वेळा तुम्ही थेंब पडत होता तिथे, खालच्या बाजूने, उपाय केलात. पन्हळीत थेंब पडतो तिथे भोक जवळजवळ कधीच नसतं. पाणी एखाद्या सांध्यातून किंवा रिव्हेटच्या भोकातून बाहेर येतं, पत्र्याच्या पोटाला चिकटून उताराने सरकत जातं आणि जिथे पत्र्याला पोचा असेल, पन्हळ धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पची पट्टी आडवी आली असेल किंवा तुमच्या पुट्टीचाच उंचवटा असेल तिथे सुटतं. मी स्वतः एका पन्हळीचं भोक थेंबापासून चार फुटांवर शोधून काढलं आहे.

माझं राजापूरकडचं घर मी गेली वीसेक वर्षं सांभाळते आहे. आमच्या लहानपणी तिथे पोफळीच्या खोडाची पन्हळ होती. सरळ वाढलेली जुनी पोफळ उभी चिरायची, आतला भुसभुशीत गाभा कोरून काढायचा, की बाहेरचं कडक कवच म्हणजे तयार पन्हळ. चार-पाच पावसाळे झाले की नवी. ती गळली तर कुणी लिंपत बसत नसे, सुपारीच्या बागेत दुसरी पोफळ असायचीच. पत्र्याची पन्हळ आली तशी दुरुस्ती आली, आणि ती दुरुस्ती कशी करायची हे मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी मला पायरीपेक्षा ज्याची काळजी वाटते ते सांगते. पायरीवरचं पाणी दिसतं तरी. पन्हळीच्या मागच्या बाजूने झिरपणारं पाणी दिसत नाही, ते वाश्यांच्या टोकांवर जातं. तुमचे वासे किंजळीचे किंवा ऐनाचे असतील तर ते टिकाऊ आहेत, पण सतत ओल्या राहणाऱ्या टोकाला कुठलंच लाकूड फार वर्षं पुरत नाही. ओलीमागोमाग वाळवी येते. तेव्हा उद्या उजेडात एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि पन्हळीमागे दिसणाऱ्या प्रत्येक वाश्याच्या टोकाला टोचून बघा. टोक कडक लागलं, आवाज टणक आला, तर निश्चिंत राहा. स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला, किंवा मातीच्या बारीक रेघा वर चढलेल्या दिसल्या, तर गणपतीनंतर पहिला माणूस सुताराचा बोलवा, पन्हळवाल्याचा नंतर. मऊ झालेल्या वाश्यावर किंवा फळीवर ठोकलेला क्लॅम्प धरत नाही, आणि क्लॅम्प धरत नसेल तर वरचं सगळं काम वाया.

आता गळती शोधू. याला एक पूर्ण सकाळ द्या, आणि घाई नको.

पहिला शोध शिडीवर न चढताच लागतो. रात्रभर पाऊस झाला की सकाळी पन्हळीखालचं अंगण बघा. पन्हळ नसलेल्या घरासमोर पागोळ्यांच्या खळग्यांची कशी सलग ओळ पडते, तुम्हाला ठाऊकच आहे. पन्हळ असलेल्या घरासमोर तशी ओळ नसावी. जिथे खळगा आहे तिथे पाणी सुटतं आहे. पण खळगा पन्हळीच्या बरोबर खाली आहे, की भिंतीच्या बाजूला, की पन्हळीच्या पुढे अंगणात, हे नीट बघा. बरोबर खाली असेल तर पन्हळ गळते. भिंतीच्या बाजूला असेल तर पाणी पन्हळीत पडतच नाही, शेवटच्या कौलाच्या पोटाला चिकटून मागे फिरतं आणि पन्हळीच्या मागून उतरतं. पुढे अंगणात असेल तर जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारतं किंवा पन्हळ तुंबून काठावरून वाहते. या तीनही गोष्टींना आपण ‘पन्हळ गळते’ असंच म्हणतो. त्यातल्या मागच्या दोघींवर जगातलं कुठलंही सीलंट, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, चालणार नाही.

पाणी मागून उतरत असेल तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. पत्र्याची पाच-सहा इंच रुंदीची पट्टी सरळ रेषेत वाकवून घ्यायची. तिचा वरचा काठ शेवटच्या कौलांच्या ओळीखाली सरकवायचा आणि खालचा काठ पन्हळीच्या आत उतरेल असा ठेवायचा. कौलाच्या पोटावरून मागे येणारा थेंब त्या पट्टीवर पडतो आणि पन्हळीत जातो. मला या पट्टीबद्दल फार प्रेम आहे, कारण आमच्या घरी जी गळती आम्ही तीन वर्षं सांधे लिंपून बंद करू पाहत होतो, ती या पट्टीने एका दुपारी थांबली.

दुसरा शोध उघडीप मिळेल त्या दिवशी. पन्हळ आतून रिकामी करा. आंब्याचा मोहोर, फणसाची पानं, कौलांचा लाल चुरा, यांचा चिखल होऊन तळाशी बसलेला असतो. तो हाताने काढा, हातमोजे घालून, कारण पत्र्याची कड पात्यासारखी कापते. चिखल पाईपकडे ढकलू नका, तो वाकणात जाऊन बसेल. बादलीत भरून खाली द्या. झाडांच्या आळ्यात टाकायला चांगला. मग फडक्याने आतून-बाहेरून पुसून पन्हळ एक-दोन तास वाळू द्या. खालचं पोट पूर्ण कोरडं झालं की त्याला कोरडा खडू फासा किंवा हाताने पिठूळ रांगोळी चोळा. आता एकाने वर राहून उंच टोकाकडून तांब्याने पाणी सोडायचं. बादली उपडी करायची नाही, तांब्या-तांब्यानेच. दुसऱ्याने खाली उभं राहून पोट बघायचं. पांढऱ्या खडूवर ओलीची पहिली काळी रेघ जिथे उमटते, ती जागा. रेघ पुढे सरकेल, तिच्या मागे जाऊ नका. ती जिथून निघाली तिथे पेन्सिलीने फुली मारा. एका सांध्यापुढे जाण्याआधी तिथलं पाणी पूर्ण ओसरू द्या. तीन गळत्या म्हणता त्या कदाचित एकाच सांध्याच्या निघतील.

हे करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसेल आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ तीच आहे. पाणी ओतायचं थांबवल्यावर पाच मिनिटांनी पन्हळीत कुठे पाणी साचून राहतं का? ३० फुटांच्या पन्हळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड इंच उतार हवा, म्हणजे दर १० फुटांना अर्धा इंच. बसवताना तो असतो. मग वर्षानुवर्षं ओल्या पाचोळ्याचं वजन, शिडी टेकवून वाकवलेला एखादा क्लॅम्प, वरून धावणारी वानरं, यांनी मध्येच पोट सुटतं. तिथे पाणी उभं राहतं. वाहतं पाणी बारीक फटीवरून निघून जातं, पण उभं पाणी दिवसभर त्या फटीत बसून वाट शोधतं. पत्रा गंजतो तोही अशाच जागी, आतून. पोट सुटलेल्या जागेचा क्लॅम्प आधी उचला: दोन्ही टोकांना खिळा मारून नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि तिच्या रेषेत क्लॅम्प वाकवून किंवा सोडवून वर घ्या. दोन क्लॅम्पमध्ये अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर असेल तर मध्ये एक नवा घाला. कधी कधी एवढं केल्यावरच ठिबक थांबते आणि सीलंटची ट्यूब तशीच कपाटात राहते.

पुट्टी का निघाली तेही समजून घ्या, म्हणजे पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाही. ती पुट्टी वाळली की दगड होते. पन्हळ दगड नाही. मे महिन्याच्या दुपारी उन्हातला पत्रा ६० अंशांच्या आसपास तापतो आणि पावसाळी पहाटे २४ अंशांवर येतो. एवढ्या फरकाने तुमची ३० फुटांची पन्हळ सुमारे ४ मिलिमीटर लांब-आखूड होते. ही सगळी हालचाल सांध्यांवर येते. सांध्यावर दगड बसवला तर तो तडकणार किंवा सुटणार. टाकीला, बादलीला, लोखंडी पाईपच्या एका भोकाला ती पुट्टी उत्तम आहे. हलणाऱ्या सांध्याला नाही. शिवाय ती खालून लावली होती. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, म्हणजे पाणीच तुमची पुट्टी ढकलून काढत होतं. उपाय नेहमी आतून, पाण्याच्या बाजूने करायचा. मग पाणी त्याला दाबून बसवतं.

सिलिकॉनची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिथे मी स्वतः फसले आहे. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का? आला असेल तर ते ॲसिटिक जातीचं सिलिकॉन. वाळताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि ते पत्र्यावरच्या जस्ताच्या थराला खातं. काचेला, टाइल्सना ते चालतं. जस्ताच्या पत्र्याला नाही. मी एका वर्षी दुकानदाराने दिलं ते हौसेने सगळ्या सांध्यांना आतून भरलं. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या पावसाळ्याआधी सहज नखाने ओढलं तर सिलिकॉनची अख्खी दोरी निघून हातात आली आणि तिच्याखाली पत्र्यावर पांढऱ्या भुकटीची आणि गंजाची रेघ, बरोबर सिलिकॉनच्याच रुंदीची. तेव्हा तुमच्या पन्हळीवरचं सिलिकॉन आता पूर्ण काढायचं आहे, पातळ थरही ठेवायचा नाही, कारण सिलिकॉनवर दुसरं काहीही चिकटत नाही, रंगसुद्धा. सुरीने काढा, मग तारेच्या ब्रशने घासा, मग पॉलिश पेपर मारा.

दुकानात मागायचं ते पीयू सीलंट, म्हणजे पॉलीयुरेथेनचं. ते वाळल्यावर रबरासारखं राहतं, पत्र्याबरोबर ताणतं आणि त्यावर रंग बसतो. आपल्या कोकणात त्याचा आणखी एक फायदा आहे: ते हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतं, त्यामुळे श्रावणातली दमट हवा त्याला मानवते. पण ज्यावर लावायचं तो पत्रा मात्र खडखडीत कोरडा हवा. हवा दमट चालते, पत्रा ओला चालत नाही. हे दोन वेगळे धरा. ट्यूबबरोबर ती दाबायची गन घ्या. पीयू मिळालंच नाही तर सिलिकॉनमधलं न्यूट्रल जातीचं मागा, त्याला आंबट वास नसतो.

सांधा असा करायचा. पन्हळीचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे कौलांचाच नियम: वरच्या अंगाचा तुकडा आत, खालच्या अंगाचा त्याच्याखाली, म्हणजे पाणी सांध्यावरून घसरत जातं. तुमच्याकडे एखादा सांधा उलटा बसवलेला निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, घाईच्या कामात असं होतं. असा उलटा सांधा पाण्याला तोंड उघडून उभा असतो. तो रिव्हेट काढून सोडवावा आणि सुलटा करावा, हे काम मात्र पत्रेवाल्याला सांगा. सांधा सुलटा असेल आणि हलत नसेल तर तो न सोडवता आतल्या कडेवरून काम भागतं. कडेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासा. थिनरच्या फडक्याने पुसा. फडकं काळं येईनासं होईपर्यंत फडकी बदला. मग सीलंटची करंगळीएवढी जाड रेघ, पन्हळीच्या एका काठापासून तळातून दुसऱ्या काठापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. थांबलात की जोड पडतो आणि पाणी तोच शोधतं. रेघ ओढून झाली की साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती कडेत दाबून बसवा. दोन्ही बाजूंना ती पत्र्यावर पातळ होत जावी. मध्ये उंच बांध ठेवू नका, नाहीतर त्याच्यामागे पुन्हा पाणी साचेल. रिव्हेटच्या प्रत्येक डोक्यावर आतून एकेक टिकली द्या. हलणारं रिव्हेट असेल तर आधी ते बदलून घ्या, सैल रिव्हेटवर सीलंट म्हणजे हलत्या दाताला सिमेंट. मग किमान एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. ट्यूबवर किती तास लिहिलेत ते वाचा आणि आपल्याकडच्या पावसात त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी सांध्यावर उतरतं प्लॅस्टिक बांधा, पन्हळीला न टेकवता.

सांध्याऐवजी तळाला गंजाची बारीक भोकं असतील तर नुसता सीलंटचा ठिपका पुरत नाही, कारण भोकाभोवतीचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. तिथे ठिगळ हवं. गंज घासून काढा, रेड ऑक्साईडचा हात द्या (गंजलेल्या भागालाच, चकाकत्या जस्तावर तो धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो), वाळू द्या. भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा जस्ताच्याच पत्र्याचा तुकडा पन्हळीच्या आकारात वाकवा. त्याच्या पाठीला सीलंट फासा, आतून दाबून बसवा आणि कडा सीलंटने बंद करा. ठिगळ तांब्याचं किंवा पितळेचं नको, तांबं आणि जस्त पाण्यात एकत्र आले की जस्ताचा पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. आणि बाहेरून डांबर फासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत पाणी, बाहेर डांबर, मध्ये सापडलेला पत्रा निवांत सडत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

गणपतीआधी दोन दिवसांची सलग उघडीप मिळालीच नाही तर? तर तात्पुरता उपाय म्हणून ॲल्युमिनियमची पाठ असलेली बुटाईल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी आणा, चार इंच रुंद. आतून सांधा पुसून कोरडा करा. घरात केस वाळवायचा ड्रायर असेल तर वायर कोरडी आणि दुसऱ्याच्या हातात राहील अशी काळजी घेऊन दोन मिनिटं गरम हवा द्या. नसेल तर सुती फडक्यांनी पुसत राहा. टेप एका काठापासून दुसऱ्यापर्यंत चिकटवा आणि लाटण्याने किंवा चमच्याच्या पाठीने तिच्या कडा रगडा. सुरकुती राहिली तर पाणी तिथूनच शिरेल. एवढ्याने पावसाळा निघतो. दिवाळीत ती सोलून पक्कं काम करा.

पीव्हीसीबद्दल. पत्रेवाल्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. पीव्हीसी गंजत नाही, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, गुहागर-मालवणकडे, मी स्वतः तीच सुचवते. तुम्ही देवरुखला, समुद्रापासून आत. पीव्हीसी उन्हाने लोखंडाच्या पाच-सहापट लांब-आखूड होते. तिचे जोड तेवढी फट ठेवून बसवणारा कारागीर हवा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत जोड उघडतात आणि तुम्ही मला पुन्हा हेच पत्र लिहाल. वानरांचा त्रास असेल तर ऊन खाऊन कडक झालेली पीव्हीसी त्यांच्या उडीने फुटते. म्हणून निर्णय असा करा: कोरड्या पन्हळीच्या तळावर अंगठ्याने जोरात दाबत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जा. दोन-तीन जागा सोडून पत्रा टणक असेल तर दुरुस्ती. तळभर करकरत असेल, आतून उजेडाचे ठिपके चाळणीसारखे दिसत असतील, तर बदला, त्यावर सीलंटचे पैसे घालू नका. बदलताना पुन्हा पत्राच घेतलात तर २६ गेजऐवजी २४ गेज सांगा. पत्र्यात गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, हे सांगताना गडबड होते.

तेव्हाच उतरत्या पाईपकडेही बघा. तुमच्या पन्हळीवर येणारं छप्पर ३० बाय १५ फूट धरलं तर ते साधारण ४२ चौरस मीटर झालं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लीटर पाणी. आषाढातली जोराची सर काही मिनिटं तरी तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळते. त्या हिशेबाने पन्हळीत मिनिटाला ७० लीटर येतात, म्हणजे चार बादल्या. एवढ्याला ४ इंची पाईप लागतो. पुष्कळ घरांना अडीच इंची बसवलेला असतो, आणि मग ‘पन्हळ गळते’. पाईपच्या तोंडाशी तारेच्या जाळीचा गोळा ठेवा. पूर्ण पन्हळीवर जाळी घालायचा सल्ला मला पटत नाही, फणसाचं पान जाळीवर आडवं पडलं की त्यावरून पाणी सरळ अंगणात. त्यापेक्षा मृग लागायच्या आत एकदा आणि श्रावणात एकदा हाताने साफ करणं बरं.

मागची सिमेंटची पन्हळ. तिला तुम्ही घासू-खरवडू नका. अशा जुन्या सिमेंटच्या पन्हळी बहुतेक ॲस्बेस्टॉसच्या असतात. तिला ब्रशने घासलं, पॉलिश पेपर मारला किंवा भोक पाडलं तर जी धूळ उडते तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आणि त्यांचा त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. सांध्याच्या आतून ओल्या फडक्याने हलकेच पुसा, वाळू द्या, बुटाईल टेप लावा. फडकं पिशवीत बांधून टाका. एवढंच. ती कधी काढायची झाली तर ओली करून, न फोडता, अख्खी उतरवायला सांगा.

आता शिडी. हे मी शेवटी लिहिते आहे, पण काम सुरू कराल तेव्हा आधी हेच. एकटीने चढायचं नाही. शेजारच्या वहिनी, सासरे, कॉलेजला जाणारा पुतण्या, कुणीही खाली शिडी धरून उभं हवं आणि काम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. शिडी जितकी उंच टेकते त्याच्या पाव अंतरावर तिचे पाय: १२ फुटांवर टेकली तर पाय भिंतीपासून ३ फुटांवर. पन्हळीला टेकवायची नाही, ती वाकेल. शिडीच्या वरच्या टोकाला फळी बांधून भिंतीला टेकवा. शेणाने सारवलेल्या अंगणात पायांखाली गोणपाट घाला. विजेच्या खांबावरून घरात येणारी वायर पन्हळीजवळून जात असेल तर त्या बाजूचं काम तुमचं नाही, वीज बंद करून वायरमनसमोरच करायचं. आणि कौलांवर पाय द्यायचा नाही, भिजलेलं मंगलोरी कौल घसरतं आणि फुटतं; मग पन्हळीऐवजी घर गळेल. ह्यांना येऊ दे म्हणत काम थांबवू नका, पण ते लवकर आले तर शिडी त्यांना धरायला द्या.

सामान जास्त नाही: पीयू सीलंटच्या दोन ट्यूब आणि गन, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, थिनरची छोटी बाटली, बुटाईल टेपचं एक भेंडोळं, हातमोजे, खडू. टेप आधी आणून ठेवा, म्हणजे पाऊस हटला नाही तरी हाताशी काहीतरी असेल. कामाला सुरुवात पायरीवरच्या सांध्यापासून करा.

आणि त्या पायरीवर दोन वर्षं थेंब पडतो आहे, म्हणजे चिऱ्यावर शेवाळ धरलं असणार. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाका, अर्धा तास राहू द्या, काथ्याच्या ब्रशने घासून धुवा. पन्हळ दुरुस्त होईपर्यंत तिथे गोणपाट अंथरून ठेवा आणि मूर्ती आणायच्या सकाळी काढा. पाट हातात घेऊन येणाऱ्याला पायाखालचं दिसत नसतं.